यादीत नसलेली गोळी

१२ जानेवारी

चि. चिमणीस, काकाचे थरथरते पण भरपूर आशीर्वाद.

अक्षर बारीक झालंय, भिंग घेऊन वाच. मागच्या खेपेला तू माझ्या गोळ्या कॉम्प्युटरवर टाइप करत बसलीस आणि पेशंटकडे सगळ्यात शेवटी बघितलंस, त्याचा राग अजून गेलेला नाही. आपल्या दवाखान्यात मी पुढे, तुझे बाबा, म्हणजे माझा दादा, मागच्या खोलीत औषधं बनवायला, आणि मधल्या खिडकीत औषधांचं ते जाडजूड पुस्तक. मी विचारायच्या आत दादा पान नंबर सांगायचा. काय दिवस होते गं.

आता मुद्द्याचं. तीन आठवड्यांत माझा पार्किन्सन फारच पुढे गेलाय. शर्टाची बटणं लावायला पाव तास लागतो, दारात पाय जमिनीला चिकटतो. दादाच्या पार्किन्सनचंही असंच झालं आणि दोन वर्षांत त्याने अंथरूण धरलं. तेव्हा घर बंद करून वृद्धाश्रमात जायचं ठरवलंय. महिनाअखेरीस फॉर्मवर सही करतो. हुज्जत घालू नकोस.

आहे तो लोभ तसाच राहू दे.
तुझा काका

१९ जानेवारी

तीर्थस्वरूप काकांस, लांबूनच वाकून नमस्कार.

हुज्जत घालणारच. हा आजार तीन आठवड्यांत एवढी मजल मारत नाही. तुम्ही अंगठा ओला करून पानं उलटायचात, मी बोटाने स्क्रीन सरकवते, फरक तेवढाच. तुमच्या सहा औषधांची आपसात भांडणं नाहीत, हे पुन्हा तपासलं. पण कॉम्प्युटरला जेवढं सांगावं तेवढंच कळतं. कपाट उघडा आणि पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहून पाठवा. तोवर सही केलीत तर याद राखा.

लोभ असावा, लपवाछपवी नसावी.
तुमची चिमणी

२७ जानेवारी

चि. चिमणीस, आशीर्वाद.

सातवी एक आहे. पार्किन्सनच्या गोळीने मळमळतं, म्हणून डिसेंबरपासून जेवणाआधी ती पांढरी गोळी घेतो, दिवसातून तीनदा. तुला सांगितली नाही, कारण तिला मी औषध म्हणून मोजतच नाही. चाळीस वर्षं डोळे झाकून लिहून दिली आहे. रिकामं पाकीट सोबत जोडलंय.

ओरडू नकोस, एवढाच लोभ पुरे.
काका

२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काकांस, सा. न.

फोनवर सांगितलं तेच लिहून देते, कारण फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं म्हणता. ती गोळी बंद म्हणजे बंद. पार्किन्सनची गोळी मेंदूला जे पुरवते, तेच ही अडवते. दोन संकेतस्थळं म्हणतात टाळा, तिसरं म्हणतं जपून द्या. मग आमच्या औषधतज्ज्ञ बाईंना विचारलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. मळमळीवरची दुसरी गोळी हृदय तपासूनच देता येते, म्हणून आधी ईसीजी काढून घ्या, मग ती देते.

माया असू द्या, हट्ट नको.
चिमणी

१५ मार्च

चि. चिमणीस, आशीर्वाद.

अक्षर बघ. बटणं लागतात, बागेपर्यंत चालून येतो. तू जिंकलीस.

पण एक विचारतो. दादाला मळमळायचं तेव्हा दोन वर्षं तीच गोळी मीच दिली. काल आपलं जुनं पुस्तक काढलं. ती सूचना त्यातही आहे, बारीक अक्षरात. ते पान मी कधी उघडलंच नाही, गोळी पाठ होती ना. दादाच्या उशाशी असायचं तेच पाकीट हातात आलं तेव्हाच तुला कळलं असणार, आणि तू बोलली नाहीस. फॉर्म अजून टेबलावर आहे. असल्या माणसाने तिथेच जाऊन पडावं असं वाटतं.

लोभ मागायचं तोंड नाही.
काका

२१ मार्च

तीर्थस्वरूप काकांस, नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार.

हो, कळलं होतं. ओपीडी थांबवून बाथरूममध्ये रडले. दोन दिवस तुमचा भयंकर रागही आला. खोटं सांगत नाही, त्या गोळीने बाबांचं चालणं लवकर गेलं असेल. किती लवकर, ते शोधशोध शोधलं, कुठेच लिहिलेलं नाही. पण रोज सकाळी त्यांची दाढी तुम्ही करायचात, घास तुम्ही भरवायचात, ते मला कुठे शोधावं लागलं नाही.

शनिवारी येते. राग उरला असेल तर तिथे बसून भांडेन. तो फॉर्म फाडा. ते घर बंद केलंत तर मला दुसरं माहेर नाही.

तुमचीच,
चिमणी