एरंडेलावर चाललेलं इंजिन

माय, आज सकाळी विमानाचं एक जुनं इंजिन चालू केलं आणि त्याच्यातून तुझा वास आला. मी हादरलेय. दुपार झाली, चहा निवून गेला, तरी मी ही वही घेऊन बसलेय. जन्मभर पोरांना इंजिनं शिकवली, पण असं कधी झालं नव्हतं.

हे इंजिनच उफराटं आहे. आपल्या गावच्या सहकारी सोसायटीच्या तेलगिरणीतलं इंजिन आठव. धूड जागच्या जागी, फिरायचा तो दांडा. इथं दांडा घट्ट बांधलेला आणि अख्खं इंजिन, नऊच्या नऊ सिलिंडर, पंख्याबरोबर गरगरा फिरतं. एका संग्रहालयानं ते आमच्या बीडच्या कॉलेजात दुरुस्तीला पाठवलं, आणि निवृत्त झाले असले तरी मलाच बोलावलं. चार महिने मी आणि पोरं खपलो. असली इंजिनं आता मिळत नाहीत. पहिल्याच वेळी आत काही घासून अडकलं, तर सगळा खेळ खलास. आणि वंगण काय मागतं म्हणशील, तर एरंडेल! या इंजिनात पेट्रोल आणि वंगण एकत्रच फिरतं, आणि एरंडेल पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तेच लागतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं.

गिरणीचं अंगणच दिसायला लागलं मला. दुष्काळाचं ते साल. करडई नाही, भुईमूग नाही, गिरणीला कुलूप, तुझा रोजगार गेलेला. आपल्या उमापूरच्या बांधांवर हिरवं म्हणून उभा होता तो एरंड. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. तूच चेअरमनशी भांडून अंगण उघडून घेतलंस, आणि तुम्ही बाया एरंड्या भाजून, कांडून, पाण्यात उकळून तेल काढायला लागलात. बैलगाडीच्या आसाला, दिव्याला, लेकरांच्या पोटाला, सोसायटी सगळं घ्यायची. उकळायचं पाणी तू दीड कोसावरून आणतेस. मी कंटाळून कढई लवकर उतरवते. तू कापसाची वात तेलात बुडवून पेटवतेस, ती तडतडते, आणि माझ्या पाठीत धपाटा बसतो.

"वात बोलली की तेलात पाणी हाय. आपल्या तेलानं लोकाचा आस झिजला न्हाई पायजे."

आज सकाळी इंजिन हातानं फिरवून पाहिलं. जुळणीच्या वेळी लावलेलं, खालच्या सिलिंडरांत साचलेलं तेल काढलं, प्रत्येकात थोडं पेट्रोल सोडलं. मग टाकीत ओतायला एरंडेलाचा सीलबंद डबा फोडला. शिक्का होता, शुद्धतेचा कागद होता. तरी का कोण जाणे, मी वात वळायला बसले. पोरं हसू दाबत होती, मॅडमना आता इंजिनाची आरती करायचीय म्हणून. वात पेटवली. तडतडली, माय! तसंच ओतलं असतं तर? दुसरा डबा फोडला, त्यातली वात मुकाट जळली, तेव्हा कुठं टाकी भरली.

पंखा हातानं ओढला. तिसऱ्या ओढीला ते फटफटलं आणि सगळं धूड फिरायला लागलं. निळा धूर, तेलाचे शिंतोडे माझ्या तोंडावर, केसांत. जळक्या एरंडेलाचा वास. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी तुला हाका मारत होते. त्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही, ते बरं झालं.

मी शिकायला औरंगाबादला निघाले, तेव्हा केसांना लाव म्हणून तू पत्र्याचा डबा भरून दिला होतास. तुझे स्वतःचे केस त्या साली तेलावाचून तांबूस पडलेले. होस्टेलातल्या पोरी वासाला नाकं मुरडतील, म्हणून मी तो गेवराईच्या स्टँडमागं मातीत ओतला. दिवाळीला आले तेव्हा तू विचारलंस, तेल हाय का अजून. मी म्हणाले, संपलं. केवढी हरखलीस तू.

"म्हंजी आवडलं म्हण की माझ्या लेकीला," म्हणालीस, आणि घागर उचलून पाण्याला निघालीससुद्धा.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहील या वहीतच. पण माय, दिवाळीहून परतताना तू पुन्हा भरून दिलेला तो दुसरा डबाही मी तिथंच, स्टँडमागं ओतला.