मंद्रुपी चटणी

४ ऑक्टो.
पुण्याच्या दुकानाची दिवाळीची ऑर्डर पक्की! लेबलं पण छापून आली. लाल अक्षरात 'सोलापुरी शेंगाचटणी'. झकास दिसतात. उद्या अक्कांना दाखवते.

५ ऑक्टो.
अक्कांनी लेबल बघितलं आणि खाली ठेवलं. "आमचं मंद्रूप कुटं गेलं गं?"
म्हटलं, पुण्यात तुमच्या माहेरचं मंद्रूप कोणाला माहीत? तिकडे सोलापुरीच खपतं.
"व्हय, खपू दे की." मुसळ टाकून वर निघून गेल्या. एवढं काय झालं? इतकी वर्षं दोघी जावा एकाच उखळाशी बसतोय.

८ ऑक्टो.
अक्का खाली येत नाहीत.
जेवताना हे म्हणाले, वहिनी नवी नवरी होती तेव्हा तिची चटणी बघून आई नाक मुरडायची, 'ही मंद्रुपी!' टोमणाच तो. अक्कांनी तोच मिरवला. आता सगळी गल्ली मंद्रुपी म्हणते. मीपण. मग छापतानाच कशी...
ह्यांच्यावरच खेकसले.

९ ऑक्टो.
सोलापुरी चादर, कोल्हापुरी चप्पल, नागपुरी संत्री. कोणी केली ते कोण विचारतंय? पण आमच्या घरात मंद्रुपी म्हणजे अक्का. त्यात गाव कमी, बाई जास्त. हे मला आत्ता सुचतंय, शहाणीला!

११ ऑक्टो.
एकटीनेच कुटली. दाणे, तिखट, लसूण, सगळं तेच, पण तेल सुटेना. समोरून दुसरं मुसळ पडल्याशिवाय हाताला ताल लागत नाही. बोलायलाही कोणी नाही. रडले चक्क.

१३ ऑक्टो.
त्याच चटणीच्या एका पाकिटावर पेनाने 'मंद्रुपी' लिहून वर गेले. म्हटलं, अक्का, सगळी लेबलं बदलते.
त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली.
"ही मंद्रुपी न्हाय."
पाकीट परत माझ्या हातात दिलं. "हिला सोलापुरीच म्हण."
असा राग आला! आणि जिन्यात हसूही.

१४ ऑक्टो.
पुण्याला अजून काही कळवलं नाही. पाकिटं कोरीच ठेवलीत. सकाळी उखळाशी दोन पाट मांडले, दोन मुसळं ठेवली, जिन्याचं दार सताड उघडून दाणे भाजायला घेतले.
वरून हाक आली, "सुधा, दाणं करपायलेत की गं!"
इतक्या दिवसांनी आपणहून हाक मारली. गॅस बारीक करायला हात गेला होता, तो मागे घेतला. करपू देत जरा. बघू, खाली येतात का.