पंखा लावून मोजलेला आकडा

हॅमट्रॅमक, डेट्रॉइट
१४ ऑक्टोबर १९७१

प्रिय झेनेक,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. पण पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. माझ्यावर चिडायचा तुला पुरता हक्क आहे, आणि मी काही आज तो काढून घ्यायला बसलेली नाही.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, तरी रविवारी पहाटे उठून ती सारण भरून पिएरोगी वळायला बसतेच. तुझ्या वाटणीच्या बटाट्याच्या अजूनही करते आणि सोमवारी मी त्या डब्यात नेते. बाबांना आमच्या कंपनीच्या ओतशाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण कंपनीचा अभिमान काही निवृत्त होत नाही. शेजारच्या कोणी तुमच्या कंपनीची गाडी घेतली, की ते त्याच्याशी आठवडाभर बोलत नाहीत.

परवा जेवताना आईचा तो नियम आठवून मी एकटीच हसले. मी आमच्या कंपनीच्या जाहिरात खात्यात, तू पलीकडच्या कंपनीच्या चाचणीघरात, आणि दोघं भावंडं एकाच टेबलाशी. सूप निवायच्या आत आपलं सुरू व्हायचं, 'आमचं इंजिन एवढ्या घोड्यांचं', 'हो का, मग पाव मैलात मागे का पडलं?' शेवटी आई वैतागली. 'या घरात जेवताना जो आकडा बोलेल, त्यानं सगळ्यांची भांडी घासायची,' म्हणाली. पहिले सहा रविवार तूच घासलीस. तुला गप्प राहवायचंच नाही.

कसलं वेड होतं रे ते. शनिवारी संध्याकाळी सगळं शहर वुडवर्ड रस्त्यावर खुर्च्या टाकून बसायचं आणि पोरं त्या दांडग्या गाड्या घेऊन सिग्नलला एकमेकांकडे बघायची. तुमच्या कंपनीने चारशे छापले की आम्ही चारशे दहा, आम्ही दहा छापले की तुम्ही वीस. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. आपण बनवलेल्या आकड्यावर पोरं पैजा लावतात, याची नशा वेगळीच असते.

आणि तू मात्र इंजिनाच्या पंख्यावर अडून बसायचास. सगळ्या कंपन्यांत इंजिन उघडंबोडकं करून मोजायची रीत होती, म्हणजे ताकद जास्त भरते. पंखा काढा, धुराची नळी काढा, हवेची गाळणी काढा, आणि दहा वेळा चालवून सगळ्यात मोठा आकडा लिहा. तू सगळं जिथल्या तिथे लावून मोजायचास आणि सगळ्यात छोटा आकडा लिहायचास. 'गिऱ्हाईक काय पंखा घरी ठेवून गाडी चालवणार आहे?' तुझ्या साहेबांना तू हे तोंडावर विचारलंस, तेव्हा मी तुला मूर्ख म्हणाले होते. मनातून मात्र मला तुझा हेवा वाटला. माझ्या खात्यात असं विचारणारं एकही माणूस नव्हतं, मीसुद्धा नाही.

तो रविवार तू विसरला नसशील. आमची जाहिरात सकाळच्या पेपरात आली होती आणि बाबांनी टेबलाशी उभं राहून ती मोठ्याने वाचली. 'चारशे पंचवीस. आमच्या ब्रोन्याने लिहिलंय.' नियमाप्रमाणे भांडी त्यांच्यावर आली. तू म्हणालास, 'बसा बाबा, मी घासतो.' मी फडकं घेऊन तुझ्या शेजारी उभी राहिले. नळ सोडून, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात तू म्हणालास, 'ब्रोन्या, सगळं लावून मोजलंत तर तीनशे दहा भरेल. शर्यतीत तुमची गाडी बघितली, वजन आणि वेळ धरून हिशेब केलाय.' बाबांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून तू भांडी घासायला उठला होतास, हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी काय केलं? मोठ्याने, बाबांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'जळतोस तू. हरलास की असंच बोलतोस.' पंखा काढताना मी स्वतः चाचणीघरात उभी होते, झेनेक. मला माहीत होतं.

पुढचं तू भोगलंस. माझा चारशे पंचवीस तुझ्या साहेबांनी तुझ्या टेबलावर आपटला आणि चारशे तीस लिहून मागितले. तू तीनशे चाळीसच्या वर हललाच नाहीस, म्हणून तुला टोलीडोच्या सुट्या भागांच्या गोदामात पाठवलं. त्यानंतर तू रविवारी आला नाहीस. बाबा म्हणत राहिले, 'हरला, म्हणून तोंड दाखवत नाही.' आणि मी सूप वाढत राहिले. याची मला लाज वाटते.

आता ऐक. यंदाच्या मॉडेलपासून आमच्याकडे सगळं जोडून मोजायचं ठरलंय, पंखा, नळी, गाळणी, सगळं. गेल्या मंगळवारी कागद माझ्या टेबलावर आला. तेच इंजिन, एक स्क्रू बदललेला नाही. तीनशे बारा. दोनाने चुकलास बघ. नुसत्या डोळ्यांनी बघून दोनाने. मी तो कागद हातात धरून कितीतरी वेळ बसले होते.

रविवारी जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं, नळाखालचंसुद्धा. त्यांनी काटा खाली ठेवला. मग विचारलं, 'आणि झेनेकचा किती होता?' मी म्हणाले, 'तीनशे चाळीस. आपल्यापेक्षा जास्त.' आकडे बोलले म्हणून भांडी घासायला उठले, तर बाबांनी माझ्या हातातून ताटल्या काढून घेतल्या. म्हणाले, 'त्याला लिही. या रविवारी ये म्हणावं. इथे बसून तो आकडा त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचा, मोठ्याने. भांडी मी घासेन.'

तुझीच, वाट बघणारी,
ब्रोन्या