पिंपातला समुद्र

१० नोव्हेंबर
पोचले एकदाची! शिरोड्याच्या मिठागरातली पोर समुद्राची नोकरी करायला ग्वाल्हेरला गेली, यावर बाबा अजून हसताहेत. नवरा बोटीवर, पोटात पाचवा महिना, आणि बाईसाहेब निघाल्या! माधवगंजात शालिनीताईंकडे वरची खोली मिळालीय. त्यांच्या चार पिढ्या इथल्याच, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकत राहावं. इथे भाजी 'बनते' आणि माणसाचं मन 'लागतं'. माझं लागलं का, असं तीनदा विचारून झालं. लागलं म्हटलं, तर हातावर तीळगुळाची कुरकुरीत गजक ठेवली.

१२ नोव्हेंबर
प्रयोगशाळा सिटी सेंटरला. प्रमुख अपर्णा मॅडम. समुद्रातलं प्लॅस्टिक बारक्या जिवांचं काय करतं, ते बघायचं. समुद्रावाचून अडत नाही. आर्टेमियाची, म्हणजे आमच्या मिठागरातल्याच इवल्या कोळंबीची, सुकी अंडी डबीतून येतात. खाऱ्या पाण्यात टाकली की दुसऱ्या दिवशी पिल्लं! दिवा दाखवला की सगळी उजेडाकडे धावतात. दिवा डावीकडे, पिल्लं डावीकडे.

माझं काम पिंपातल्या पाण्याचा खारटपणा मोजून ते भांड्यांत भरायचं. यंत्र आहे, पण मला यंत्र कशाला? बाबांसारखं बोट बुडवून जिभेला लावलं. अचूक! आता रोज आधी जीभ, मग यंत्र.

१८ नोव्हेंबर
आज निळ्या दिव्याखाली पिल्लं पाहिली. प्लॅस्टिकचे कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे, पण रंग लावलेला म्हणून हिरवे चमकतात. प्रत्येकाच्या पोटात हिरवी रेघ. बिचाऱ्यांना कात टाकता येत नाही. अर्धी आत, अर्धी बाहेर, तशीच मरतात. मेल्यांनो, खाता कशाला, म्हटलं. मला जेवण गेलं नाही. आमचं बाळ मात्र मस्त लाथा मारतंय.

२३ नोव्हेंबर
मॅडम भांड्यांत कण घालताना कधी दिसल्या नाहीत, म्हणून त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, भांड्यांत कुठे, मी पिंपातच मिसळते, सकाळी तू यायच्या आधी. बिनकणांची भांडी मी वेगळी भरते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की.

सांगितलं असेल. मी तेव्हा माझ्या जिभेच्या तोऱ्यात होते. चाखल्याचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. प्रयोगशाळेत काही तोंडात घालू नये, हे शाळेतलं पोरही जाणतं.

२५ नोव्हेंबर
दार लावून आरशासमोर निळा दिवा धरला. जीभ हिरवी. घासली. रक्त आलं. रक्ताखालीही हिरवी.

२८ नोव्हेंबर
डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले. ठोके उत्तम आहेत, पाणी भरपूर पी, म्हणाले. पाणी! घोट घेतला की खारट लागतं.

२९ नोव्हेंबर
कालपासून हललं नाही. गजक खाल्ली, डाव्या कुशीवर झोपले, हाका मारल्या— काही नाही. शेवटी शालिनीताईंना सांगितलं. घबराऊ नको, म्हणाल्या, उद्या मोठ्या इस्पितळात नेते.

३० नोव्हेंबर, दुपार
शालिनीताई खाली रिक्षा बघताहेत. तोवर एकदाच— पडदे ओढलेत. निळा दिवा प्रयोगशाळेतून आणलाय. पोटावर धरला.

काही नाही. आई माउली, काही नाही! वेडी कुठली मी—

थांब.

बेंबीखाली रेघ. बारीक. हिरवी.

हललं! दोन दिवसांनी हललं माझं—

दिवा डावीकडे नेला. ते डावीकडे. उजवीकडे नेला—

विझवला. थांबलं. अगदी गप्प. नको, नको, लावते— लावला. आलं. पिल्लं काचेला येऊन टेकतात तसं कातडीला आतून टेकलंय. ढकलतंय. दुखतंय. शालिनीताई हाका मारताहेत. विझवायला हवा. पण विझवला तर परत थांबेल, आणि मला ते हलायला हवंय, मला फक्त—