घे, सुकाणू तुझं

२ मार्च
अखेर नोकरी लागली, तीही हौसेची. कारखान्यातून नवी शिडाची होडी घ्यायची आणि गिऱ्हाइकाच्या बंदरात पोचवायची. पहिलीच खेप नेमकी माझ्या गावची. लेकीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, मी धक्क्यावर उभी राहीन, तू लांबूनच हात कर. केबिन आमच्या न्हाणीघराएवढी आहे, पण शेगडी झोक्यासारखी टांगलेली. होडी कितीही कलली तरी चहा सांडत नाही. बायको हे वाचेल तर म्हणेल, घरच्या चहाचं कधी एवढं कौतुक केलं नाहीस.

४ मार्च
आजवर धाकट्या भावाबरोबर किनाऱ्याकिनाऱ्यानेच फिरलो. दिवे दिसत, फोन लागे, भूक लागली की धक्का गाठायचा. पण एकट्याला तीच वाट वाईट, असं कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या. किनाऱ्याजवळ खडक, जाळी, मचवे. जरा डोळा लागला की संपलं. लांब खोल पाण्यात आपटायला काही नसतं. सुकाणू यंत्रावर सोडून घटकाभर झोपता येतं. पटलं मला. निघताना त्यांनी बजावलं, एकट्याने सुकाणू सोडताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मी मान डोलावली. वडीलधाऱ्यांच्या एकेक खोडी असतात.

६ मार्च
किनारा दिसेनासा झाला. वाटलं होतं घाबरेन, उलट हलकं वाटतंय. झोपेचं मात्र खोबरं. आडवा झालो की मनात येतं, वर कोणी नाही. भावाची आठवण येते. आमचा एक नेम होता. झोपायला जाणाऱ्याने म्हणायचं, “घे, सुकाणू तुझं.” दुसऱ्याने म्हणायचं, “घेतलं.” मग तो आपणहून परत देईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, मागायला बाप आला तरी. त्यामुळे भांडणं टळायची.

७ मार्च
दुपारी डोळे आपोआप मिटत होते. खाली उतरताना सवयीने बोलून गेलो, घे, सुकाणू तुझं. माझं मलाच हसू आलं.
वरून कोणीतरी म्हणालं, घेतलं.
भास असणार, थकव्याचा. पण मग मेल्यासारखा झोपलो. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. यंत्राची कळ बंद होती आणि होडी अगदी सरळ चालली होती.

८ मार्च
रात्री पुन्हा खाली झोपलो. सकाळपासून केबिनची झडप उघडत नाही. कडी आतून आहे, ती निघते, तरी नाही.
काचेतून पाठ दिसते. सुकाणूवर बसलेली. अंगात माझा पिवळा रेनकोट. तो तर इथे खुंटीला — खुंटी रिकामी आहे.
विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. दे म्हटलं परत. तो वळत नाही.

९ मार्च
पक्षी दिसले. म्हणजे जमीन जवळ. जीव भांड्यात पडला. माणसं असतील, झडप फोडतील.
पण तो गुणगुणतोय. लेकीला झोपवताना मी गुणगुणतो तेच —

१० मार्च
आपला धक्का. लेक उभी आहे.
त्याने हात केला. तिनेही केला.
काच बडवतोय. आवाजच होत नाही.
भाऊ दोर बांधायला होडीवर आला. तो तरी मला — काचेतून आत पाहिलं त्याने. धक्क्यावरच्या माझ्या बायकोला म्हणाला, केबिन छान आहे, रिकामीच बरी दिसते.
लेक त्या रेनकोटवाल्याकडे बघत थांबली. नको, बाळा. तो मी नाही. नको —
तिने त्याचं बोट धरलं.
आता तो वळला. माझाच चेहरा. वाकून काचेशी आला, हळूच म्हणाला, घे, सुकाणू तुझं.

तारीख माहीत नाही
झडप उघडी होती. वर आलो. धक्का नाही. चहूकडे पाणी.
कितीही वळवलं तरी पाणीच —

एक होडी दिसतेय. एकटा माणूस, दमलेला. त्याच्याही घरी कोणी असेल. त्याला ओरडून सांगायला हवं, बोलू नकोस —
तो उठला. खाली जाताना काहीतरी पुटपुटला.
आणि माझ्या तोंडून, मी न म्हणता, घेत—