वहीतला बाहेर पडण्याचा रकाना

कोल्हापूर, १४ डिसेंबर

ती. इरावतीताईंना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे गारगोटीच्या थंडीत कुरकुरत नसतील, आणि कुरकुरत असले तरी तुमच्या धाकानं आवाज न करता कुरकुरत असतील, असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम आहे. (शेजारच्या शालूबाई काही वेगळं कळवतील, त्याकडे लक्ष देऊ नये.) फोन सोडून पत्र कशाला, असं विचाराल. ताई, फोनवर तुम्ही मुख्याध्यापिकेच्या आवाजात 'हं, बोला' म्हणता आणि मला गृहपाठ विसरल्यासारखं होतं. म्हणून लिहितो.

तर मी परवा डोंगरात जाऊन आलो. घाटमाथ्यावर राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्या दारात पर्यटकांसाठी माहिती केंद्र बांधलंय, तिथं. तुम्हाला ठाऊकच आहे, प्रमोदिनीला गवा बघायचा होता. दरवर्षी दिवाळी झाली की ती आठवण करायची आणि दरवर्षी मी म्हणायचो, अगं, त्यात काय बघायचंय, दूधकट्ट्यावर धार काढायला म्हशी आणतात त्यातलीच एक जरा रागावलेली समज. हा विनोद मी एकोणीस वर्षं केला. पहिल्या वर्षी ती हसली होती. येत्या माघात तिला जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हा म्हटलं, आता आपणच बघून यावं. कुणाला सांगायचं ते मात्र ठरलं नव्हतं.

एसटीत माझ्या शेजारी कोंबड्याची पाटी होती. पाटीची मालकीण तीन सीट पुढं बसली होती आणि वळण आलं की मागं वळून मलाच ओरडायची, 'पावणं, धरा की त्येला!' दीड तास मी त्या कोंबड्याला मांडीवर धरून बसलो. उतरताना तिनं कोंबडा घेतला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खरं सांगतो, मांडी एकदम रिकामी वाटली. (तुम्ही हसणार. हसा.)

माहिती केंद्रात फायबरचा गवा आहे, पूर्ण मापाचा. भिंतीवर पक्ष्यांची चित्रं आणि प्रत्येकाखाली एक बटण. बटण दाबलं की त्या पक्ष्याचा आवाज यायला हवा. पण कुठलंही दाबलं तरी बिबट्याच गुरगुरतो. माझ्यासमोर नेसरीच्या एका बाई बुलबुल दाबायला गेल्या आणि हातातल्या भडंगासकट मागं कोसळल्या, त्या नेमक्या माझ्या पायावर. त्यांच्या घरच्यांनी त्यांना उठवलं, भडंग गोळा केलं, मला चार दाणे खायला दिले आणि विचारलं, 'एकटंच आलाय व्हय?' मी म्हणालो, नाही. का म्हणालो, कोण जाणे.

आता मुख्य घोटाळा. दारात एक वही असते. नाव, गाव, सोबत कोण, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. मी लिहिलं: श्री. व सौ. प्रमोदिनी हुपरीकर, कोल्हापूर, व्यक्ती दोन. ताई, मुद्दाम नाही हो. छत्तीस वर्षं लग्नाच्या आहेराच्या वहीत, देवस्थानच्या पावतीवर, सोसायटीच्या वर्गणीला हात तेच लिहीत आलाय. डोक्याला कळलं तरी हाताला अजून कुणी कळवलेलं नाही.

संध्याकाळी पाचला फाटक बंद करायच्या आधी तिथला वनरक्षक वही तपासतो. कृष्णात नाव त्याचं, दणकट गडी, आवाज तुमच्यापेक्षाही मोठा. (क्षमा असावी.) मी व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. तो वही घेऊन आला. 'काका, बाई कुठं हायत?'

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे 'ती गेली' हे तोंडानं म्हणायची वेळ माझ्यावर आलीच नाही, आणि ती येऊ नये म्हणून मी नवीन माणसांशी बोलायचंच सोडलंय. मी म्हणालो, 'मागं राहिली असेल, ती सगळ्या पाट्या वाचत येते.' हे खोटं नव्हतं. ती वाचायचीच.

मग त्यानं वर्णन विचारलं आणि मी सांगितलं. मोरपंखी साडी, बारीक काठ. उंची माझ्या खांद्याला. डाव्या भुवईवर वण, लहानपणी तुम्ही झोपाळ्यावरून ढकललं होतं तो. (हे त्याला सांगितलं नाही.) चालताना दम लागतो का? छे, दम मला लागतो. असं पाच मिनिटं बोललो. इतका वेळ तिच्याविषयी मी कुणाशी बोललो नव्हतो.

त्यानं भोंगा लावला. 'कोल्हापूरच्या सौ. प्रमोदिनी हुपरीकर, असशीला तिथनं माहिती केंद्राकडं या, तुमचं मालक वाट बघायल्यात!' तीनदा. समोरच्या डोंगरापर्यंत आवाज जात होता. मी उठून त्याला थांबवायला हवं होतं. बसून राहिलो. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा, ताई, मीसुद्धा पायवाटेकडे बघत होतो.

पण दोन माणसं काठ्या घेऊन पाणवठ्याकडं पळाली तेव्हा मात्र उठावंच लागलं. म्हणालो, 'ती येणार नाही. ती वारली.' म्हणून झालं. वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं, अवघड त्याच्यानंतरचं होतं. कृष्णात आधी तडकला, 'आदी सांगायचं न्हाय व्हय? माजी दोन माणसं गव्यांच्यात गेल्यात की!' मग भोंगा बंद करून माझ्याशेजारी बसला, चहा मागवला, आणि शेवटच्या एसटीत स्वतः बसवून दिलं. गवा दिसला नाही.

बाकी सर्व क्षेम.

आपला,
अण्णा

ता. क. खरं काम राहिलंच. वहीतलं नाव तसं खोडता येत नाही म्हणे, साहेबांना कागद दाखवावा लागतो. तिच्या मृत्यूचा दाखला तेराव्याच्या दिवशी मी तुमच्या हातात दिला होता, घरात ठेववेना म्हणून. त्याची एक झेरॉक्स हवी आहे. टपालानं कशाला, घेऊनच या. मला आता पिठलं जमतं.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलेलं फोडून लिहितोय. दाखल्याची घाई करू नका. वहीत आत गेल्याची वेळ अकरा वीस अशी माझ्या अक्षरात आहे आणि बाहेर पडल्याचा रकाना कोरा आहे. सरकारी कागदाप्रमाणे ती अजून डोंगरात आहे. कृष्णात म्हणाला, महिनाअखेरपर्यंत चालतंय. तोवर बघू दे तिला गवे. दाखला राहू द्या, तुम्ही मात्र या.