पुढच्या तारखेची प्रत

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे! नवरा गेली दोन वर्षं इथल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, वसाहतीतल्या चौदा नंबरच्या घरात एकटा. त्याचं स्वयंपाकघर बघून हसावं की रडावं कळेना. दोन पातेली, एक ताट, आणि चहाच्या डब्यात खिळे. आता मलाही इथेच नोकरी लागली, म्हणजे संसार पुन्हा एका छपराखाली.

आमची लेक खारू लगेच रुळली. वय वर्षं सात, पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे सध्या सगळं "थगळं". गालात खाऊ साठवून तासभर चघळते म्हणून तान्ही असल्यापासून खारूच. शाळेच्या फॉर्मवर मी खरं नाव लिहिलं तर बाईसाहेब फुरंगटून बसल्या. ते नाव तिला पाहुण्यांचं वाटतं म्हणे. शेवटी दारावर खडूनं "खारू" लिहू दिलं तेव्हा कुठे राग गेला.

दिवसभर कॉम्प्युटरशी डोकेफोड करणारी बाई घरी येऊन वहीत पेननं लिहिते, यावर नवऱ्याचा ठरलेला विनोद झाला. मी ठरल्याप्रमाणे हसले नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

काम आवडलं. वसाहतीतल्या प्रत्येक माणसाची एक नोंद डिरेक्टरी सर्व्हरवर असते. मांडणी झाडासारखी. खोड म्हणजे वसाहत, फांद्या म्हणजे मुलं, घरं, कामगार, आणि पान म्हणजे एकेक माणूस. फाटक, शाळा, दवाखाना, वाचनालय, सगळे त्यालाच विचारतात की हा माणूस आपला का. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं.

सध्या दोन सर्व्हर आहेत, एकमेकांची प्रत ठेवणारे. साहेबांना तिसरा हवाय. तळघरात एक जुना पडलाय, वर्षभर बंद. मी सुचवलं की त्याला नुसती वाचायची प्रत देऊ, लिहायचा अधिकार नको. साहेबांना तो बरोबरीचा हवा, दोन बसले तर तिसऱ्यानं गाडा ओढावा म्हणून. तिघांत मतभेद झाला तर ज्याची तारीख नंतरची त्याचं खरं, असा नियम ठेवला. सरळ नियम आहे. मीच ठेवला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसरा जोडला. म्हातारा कुरकुर न करता सुरू झाला. त्याचं घड्याळ तपासायचं राहिलं, कारण खारूच्या शाळेची सुटायची वेळ झाली होती. सोमवारी बघू. खारूनं काढलेल्या बोटीचं बाईंनी वर्गात कौतुक केलं. बोटीत आम्ही तिघं आहोत आणि माझं डोकं सगळ्यात मोठं आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शाळेतून फोन आला. हजेरीत खारूचं नाव येत नाही. मी हसत म्हटलं, आमच्याच खात्याचा घोळ, दहा मिनिटांत निस्तरते.

बघते तर तिची नोंद खोडलेली. खोडल्याची तारीख १४ मार्च, पुढच्या वर्षीची.

तळघरात धावले. म्हाताऱ्याचं घड्याळ वर्षाहून जास्त पुढे आहे, आणि त्याच्या पोटातली नोंदींची वही वर्षभर जुनी, खारू आणि मी यायच्या आधीची. त्याच्या वहीत जे नाही ते तो खोडतो, स्वतःची तारीख घालून. मी खारूची नोंद पुन्हा केली. दहा मिनिटांत गेली. पुन्हा केली. गेली. मी आज लिहिते, तो पुढच्या वर्षी लिहितो. माझं लिहिलेलं कायम जुनंच ठरणार.

शेवटी त्याची वायर उपटली. पण बाकीचे दोघं त्याच्याकडून शिकायचं ते शिकून बसलेत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

खारूला घेऊन शाळेत गेले. बोटीचं कौतुक करणाऱ्या बाईंनीच अगदी मायेनं विचारलं की ही मुलगी कुणाची, हरवली आहे का. बोट भिंतीवर होती. खारूनं बोट दाखवली. बाईंनी तिकडे पाहिलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

साहेबांकडे गेले. ते चिडले नाहीत. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, नोंद नाही तर मुलगी कुठून असेल?"

खारू माझ्या मांडीवर बसली होती.

मला फार भीती वाटते आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही सर्व्हरची घड्याळं पाच वर्षं पुढे नेली. मग तिची नोंद केली. आता तरी माझी तारीख नंतरची.

खोडली गेली. तारीख सहा वर्षं पुढची.

म्हाताऱ्याची वायर माझ्या टेबलावर आहे, गुंडाळून ठेवलेली. मग खोडतंय कोण?

मुलांची फांदी संपली. आता घरांची सुरू झाली आहे. त्यानंतर कामगार. त्याच्या वहीत मीही नाही —

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्यानं जेवायला दोनच ताटं घेतली. मी म्हटलं, आणि खारूचं?

"कोण खारू?"

ती त्याचा शर्ट धरून उभी होती. बाबा, बाबा म्हणत. त्यानं शर्ट झटकला, काहीतरी अडकलं असावं तसा. दारावरचं खडूचं नाव त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं, कुणा कार्ट्यानं दार खराब केलं म्हणत.

रडलेसुद्धा नाही. वेळ नव्हता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

माझं कार्ड चालत नाही. नवऱ्यानं दार उघडलं, मला अहो बाई म्हणाला. घर चुकलात वाटतं. चांगला बोलला. नेहमीच चांगला बोलतो.

आत एकच ताट होतं.

फाटकाजवळच्या बाकावर बसलो आहोत. वही पिशवीत होती म्हणून वाचली. ही वही कुठल्या वायरीला जोडलेली नाही. इथली प्रत कुणी खोडू शकत नाही. म्हणून सगळं लिहून ठेवते. खारू, सात वर्षं, दोन दात, बोट, थगळं —

तारीख माहीत नाही

बाकावर शेजारी एक मुलगी आहे. मला आई म्हणते. मी म्हटलं, कुणाची गं तू, बाळा? ती रडायला लागली.

पिशवीत वही मिळाली. अक्षर माझं. वाचली. दोन दात — आहेत, म्हणजे नाहीत. हीच ती. माझी. माझी आहे ही.

खारू म्हटलं तर बघते. पण खरं नाव? नोंद खऱ्या नावानंच होते. ते लिहिलं तर कुणीतरी कुठेतरी —

सगळी पानं उलटली. खारू, खारू, खारू. फॉर्मवर लिहिलं होतं, इथे नाही. एकदाही नाही.

तिला विचारलं. ती म्हणते, तूच सांग ना.

आठवतंय. थोडं थोडं. आत्ता लिहिते, आत्ताच — तिचं नाव